घरादाराचा दम

आमच्या नागावात त्या काळी माणसाची किंमत त्याच्या दमावरून ठरे. हुतूतूच्या मैदानात समोरच्यांच्या हद्दीत शिरायचं, तोंडानं ‘हुतूतू’ एका श्वासात चालू ठेवायचं, गडी मारायचे आणि दम तुटायच्या आत मधली रेघ ओलांडून परत यायचं. पलीकडे दम तुटला की गडी बाद. आमचे हे या खेळात नावाजलेले होते. त्यांचं नाव माधव. आता या वयात नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून मला कोणी बोलणार नाही, पण जिभेला सवयच नाही, म्हणून मी ‘हे’च म्हणते. माझे सासरे, ज्यांना सगळं गाव दादा म्हणे, ते तर पाहुण्यांना पाणी द्यायच्या आधी मुलाच्या दमाची गोष्ट सांगत. पाहुणे तहानलेले राहत.

ही हकिगत सन चौतीसची. शिमगा झाला होता आणि काशीदचे गडी आमच्या गावात खेळायला आले होते. आम्ही बायका देवळाच्या भिंतीआडून बघत होतो. माझ्या कडेवर जनी, माझी मुलगी, नुकतीच बोलायला लागलेली. यांनी दम घेतला, रेघ ओलांडली, काशीदच्या पहिल्या गड्यावर झेप घेतली आणि तिथेच आवाज चिरकला. दम तुटला. काशीदवाल्यांनी त्यांना धरलंसुद्धा नाही, धरायची गरजच पडली नाही. हे मैदानाच्या मधोमध छातीला हात लावून खाली बसले. माणसं आधी हसली, मग यांचा चेहरा बघून गप्प झाली.

मला तेव्हा कळलं की हे गेले काही महिने आमच्यापासून लपवत होते. वाडीतल्या सुपारीला पाणी लावताना मध्येच बसायचे आणि मी आले की पाट नीट करतोय असं दाखवायचे. रहाटाच्या बैलाला हाकताना चालणं कमी आणि टेकणं जास्त. मला वाटे, आळस वाढलाय. मी तसं बोलूनही दाखवलं होतं, आणि माझं बोलणं काही फार गोड नसतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बाबाजी वैद्याला बोलावलं. सासूबाईंचं नाव गोदावरी, मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. बाबाजी वैद्य म्हणजे गावात मोठं प्रस्थ. त्यानं नाडी धरली, डोळे मिटले आणि इतका वेळ मिटून ठेवले की झोपला की काय असं मला वाटलं. मग विचारलं, खोकला येतो का? नेमका तेव्हाच चुलीचा धूर ओटीवर आला आणि हे खोकले. झालं. वैद्यानं मान हलवली आणि दादांना अंगणात नेऊन सांगितलं, “राजरोग हाय.”

क्षयाचं नाव घेत नसत तेव्हा. राजरोग म्हटलं की घरातली माणसं समजून जात आणि खाली बसत.

वैद्याचे हुकूम सुटले. यांना पडवीतल्या खोलीत निजवायचं, ताट-वाटी-तांब्या वेगळा ठेवायचा, आणि उशाशी शेळी बांधायची. क्षयाच्या माणसाजवळ शेळी असली की तिच्या वासानं रोग ओसरतो, असं आमच्याकडे मानत. भंडाऱ्यांकडून एक शेळी आणली. तिनं पहिल्याच दिवशी यांच्या चादरीचा कोपरा खाल्ला आणि मग यांच्याकडे बघत सावकाश रवंथ करत बसली. हे म्हणाले, “हिला तरी भूक लागते.” मी हसले आणि खोलीबाहेर येऊन रडले, कारण मला खोलीत जायची बंदी झाली होती आणि मी ती चोरून मोडत होते.

शेवटचा हुकूम माझ्यासाठी होता. मी आणि जनी, दोघींनी माहेरी हरिहरेश्वरला जायचं. माझ्या भावाला, भिकूला, निरोप गेला.

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ सांगते. आमच्या शेजारच्या आळीतली वेणूबाई अशीच नवऱ्याच्या राजरोगात माहेरी गेली होती. ती परत आली ती बांगड्या फोडायलाच. मधल्या काळात तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं नव्हतं. मला ते नको होतं. यांना बरं वाटणार नसेल तर निदान मी जवळ असावी, आणि बरं वाटणार असेल तर मी तिकडे समुद्र मोजत कशाला बसू? पण जनीचं काय? पोरीला रोग लागला तर मी स्वतःला काय सांगणार होते?

मग मी दादांसमोर उभी राहिले. सासऱ्यांसमोर उभं राहून बोलायची तेव्हा रीत नव्हती, म्हणून मी दाराकडे तोंड करून बोलले.

“मी जाईन, दादा. पन आधी अलिबागच्या डाक्टरला दाखवा. त्यानं राजरोग म्हटलं तर मी एक शब्द बोलनार न्हाय.”

“वैद्याला काय वाटंल?” आत्याबाई म्हणाल्या.

“वैद्याला वाटूंदे काय वाटायचं ते,” दादा म्हणाले. ते एवढ्या पटकन म्हणाले की मला कळलं, त्यांनाही कोणीतरी हे बोलायला हवंच होतं.

डॉक्टर थळकर सायकलवरून आले. तरुण होते, पँटीच्या पायांना सुतळी बांधलेली, आणि आल्या आल्या आमच्या रस्त्याला नावं ठेवू लागले. मला ते लगेच आवडले. त्यांनी खोलीत शिरून पहिली चौकशी शेळीची केली. आत्याबाईंनी शेळीचा उपयोग सांगितला. डॉक्टरांनी मान डोलावली आणि शेळीला बाहेर बांधायला सांगितलं, तिला या कोंदट हवेत त्रास होत असेल म्हणाले.

मग त्यांनी नळी लावून छाती ऐकली. पुढून ऐकली, पाठीमागून ऐकली, बोटांनी ठोकून बघितली. मी दाराच्या फटीतून डॉक्टरांचं तोंड बघत होते. त्या तोंडावर काही दिसेना.

“छाती स्वच्छ आहे,” ते म्हणाले.

“मग दम का पुरत न्हाय?” दादांनी विचारलं.

डॉक्टरांनी यांच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं खाली ओढली. आत लाल असायला हवं ना? तिथे शहाळ्यातल्या मलईसारखं पांढरं होतं. मी यांच्या डोळ्यांत इतक्या वर्षांत कितीदा बघितलं असेल, पण पापणीच्या आत बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. मग डॉक्टर खाली बसले आणि यांच्या पायांचे तळवे उलटे करून बोटांच्या बेचक्या बघायला लागले.

“पायांना चिखल्या होतात का?”

यावर आम्ही सगळेच हसलो. वाडीत राबणाऱ्याला चिखल्या होतात का, हे काय विचारणं झालं? सुपारीच्या बुडाला बारा महिने ओल, वर झाडांची गच्च सावली, आणि अनवाणी पायांनी दिवसभर त्यात उभं राहायचं. पाय खाजतात, फोड येतात, खोबरेल लावायचं की झालं. डॉक्टर हसले नाहीत. वाडीत माणसं परसाकडे कुठे जातात, हेही त्यांनी विचारलं. आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत निघून गेल्या. दादांनी हातानं वाडीचा मागचा कोपरा दाखवला.

ओटीवरून आमचा रहाट दिसे. बैल फिरत होता, माळेवरची गाडगी विहिरीतून भरून वर येत होती आणि पन्हळीत ओतत होती. डॉक्टरांनी तिकडे बोट केलं.

“दादा, विहीर भरलेली आहे, बैल फिरतोय, आणि माळेवरची निम्मीअधिक गाडगी फुटलेली आहेत. सुपारीला पाणी पोचेल का?”

“पोचंल थोडं थोडं.”

“जास्त हवं असलं तर?”

“बैलाला पळवावा लागंल.”

“तसंच झालंय यांचं. श्वास घेतला की हवेतला प्राणवायू छातीत येतो. विहीर तुडुंब आहे. पण तो तिथून उचलून हातापायांना, डोक्याला न्यायचं काम रक्ताचं. रक्तातला लाल भाग म्हणजे तुमची ही गाडगी. ती कमी झाली म्हणून यांचं काळीज बैलासारखं धावतंय. नुसतं बसल्या बसल्या धावतंय, तर खेळताना काय करणार?”

“गाडगी फोडली कुनी?” दादांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले की त्यांना संशय आहे, पण बघितल्याशिवाय बोलणार नाही. ओल्या मातीतून पायाच्या कातडीवाटे आत शिरणारे जंत असतात, ते आतड्याला चिकटून रक्त पितात, आणि त्यांची अंडी माणसाच्या मळातून पुन्हा मातीत जातात. ते बघायला बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या यंत्राखाली मळ ठेवावा लागेल. तो अलिबागला आणून द्या.

तो कशात आणून द्यायचा यावर आमच्या घरात जी चर्चा झाली ती मी इथे लिहीत नाही. शेवटी दादांनी आपली तपकिरीची पितळी डबी काढली, तपकीर एका कागदात ओतली आणि डबी पुढे केली. ती डबी त्यांच्या वडिलांची होती. आत्याबाई म्हणाल्या, “आवो, थोरल्यांची डबी.” दादा म्हणाले, “थोरल्यांचाच नातू हाय तो.”

डबी घेऊन दादा सकाळीच अलिबागला गेले आणि त्याच दिवशी नेमका माझा भाऊ भिकू मला न्यायला आला. दुपारी रेवदंड्याहून पडाव, म्हणजे शिडाची होडी, सुटणार होता. माझं गाठोडं बांधून ओटीवर ठेवलेलं होतं. जनी त्याच्यावर बसून मामाशी खेळत होती. हे पडवीच्या दारात उभे होते, जवळ यायची हिंमत त्यांना होत नव्हती. भिकू सारखा सूर्याकडे बघत होता. “ताई, निघू या,” तो म्हणाला. “पडाव थांबनार न्हाय.”

“थांबंल न थांबंल, दादा येईपर्यंत मी थांबते,” मी म्हटलं.

“आनि डाक्टरानं तेच सांगितलं तर?”

“तर पुढच्या पडावानं जाईन.” असं बोलले खरी, पण आता मीही सूर्याकडेच बघत होते. आत्याबाई देवासमोर बसल्या होत्या आणि त्यांची पुटपुट ओटीपर्यंत ऐकू येत होती. त्यांनी वैद्याचं ऐकून मला घालवायचं ठरवलं होतं म्हणून मी त्यांच्यावर मनातून धुमसत होते. पण ती पुटपुट ऐकून मला कळलं की त्या मला घालवत नव्हत्या, नातीला वाचवत होत्या. माझा राग तरीही पूर्ण गेला नाही. रागाला असं पटकन जाता येत नाही.

टांग्याची घुंगरं वाजली. दादा उतरले ते टांगेवाल्याला पैसे द्यायचेही विसरून सरळ अंगणात आले.

“जंत हायत,” ते म्हणाले. “मी सोता बगितले. अंडी हायत, बारीक बारीक. डाक्टरानं मला यंत्रातून दावली. राजरोग न्हाय.” आणि ते अंगणातच मटकन बसले.

आत्याबाई देवासमोरून उठून आल्या. “पोटात जंत?” त्यांनी विचारलं. “नुसते जंत?”

“नुसते जंत.”

मी रडले, भावासमोर आणि सासऱ्यांसमोर, पदर न घेता. हे पडवीच्या दारातून पुढे आले आणि त्यांनी जनीला गाठोड्यावरून उचललं. किती दिवसांनी उचललं. पोरीनं त्यांचे केस धरून ओढले आणि हे ओढू देत राहिले. पोटात जंत निघाले म्हणून गूळ वाटलेलं घर जगात कुठे असेल तर ते आमचं. आत्याबाईंनी शेजारीपाजारी गूळ पाठवला, बाबाजी वैद्यालासुद्धा पाठवला. भिकू बिचारा एकटाच गेला. शेळी भंडाऱ्यांकडे परत गेली तेव्हा चांगली लठ्ठ झाली होती.

औषध म्हणून डॉक्टरांनी ओव्याची फुलं दिली. ओव्यापासून काढतात ती, खड्यांसारखी दिसतात आणि वास ओव्याचाच येतो. आत्याबाईंना वाटलं, ओवा तर आपल्या डब्यात असतोच, यात भिण्यासारखं काय? पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की त्या दिवशी तेल-तूप पोटात जाता कामा नये. तेला-तुपात ती फुलं विरघळून अंगात भिनतात आणि औषधाचं विष होतं.

आता आमच्याकडे आजाऱ्याला तूप न घालणं म्हणजे त्याचा जीव घेणंच. औषधाच्या दिवशी संध्याकाळी यांना नुसता मऊ भात द्यायचा होता. आत्याबाईंनी भाताची मूद वाढून ताट माझ्या हाती दिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “जा, दे.” मला वास आला. मुदीच्या पोटात वाटीभर तूप दडवलेलं होतं, वरून भात थापलेला. मी ताट तसंच उचलून मागच्या दारी नेलं आणि बैलाच्या आंबोणात ओतलं. सासूनं वाढलेलं ताट सुनेनं उधळलं, अशी गावात बोंब व्हायला हवी होती. आत्याबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “तूप लावलं न्हाय तर आतडं करपंल त्याचं.”

“करपू दे, आत्याबाई,” मी म्हटलं. “मरायला नको.”

आम्ही त्यानंतर बरेच दिवस कामापुरतंच बोलत होतो.

हे हळूहळू बरे झाले. लोहाचं औषध होतं, त्यानं दात काळे पडले आणि हे हसताना तोंडावर हात धरू लागले. पण हसू लागले. रहाटावर टेकणं बंद झालं. पाऊस येण्याआधी डॉक्टर पुन्हा आले, पापणी बघून खूश झाले, वाडीच्या कोपऱ्यात खोल खड्ड्याचा संडास खणायला आणि वाडीत वहाणा घालायला सांगितलं. मी त्यांना चहा दिला तेव्हा ते कपाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले.

“वहिनी, जरा उजेडात या.”

त्यांनी माझी पापणी ओढून बघितली. मग विचारलं, “विहिरीवरून कळशी घेऊन येताना मध्ये थांबावं लागतं का?”

“सगळ्याच बाया थांबतात,” मी म्हटलं.

“मग सगळ्यांनाच असेल,” ते म्हणाले. “तुमची पापणी यांच्या तेव्हाच्या पापणीपेक्षा पांढरी आहे.”

हे माझ्याकडे बघत होते. मला त्या वेळी हसूच आलं, कारण मला काही होत असेल हे माझ्या मनातच नव्हतं. मी वर्षानुवर्षं थांबत थांबतच चालत होते. कळशी टेकायची, छाती खाली बसू द्यायची, पुन्हा उचलायची. जनीच्या वेळी तर जिना चढणं म्हणजे डोंगर. मला वाटायचं, बायकांना दम एवढाच असतो. यांचा दम तुटला तो भर मैदानात, सगळ्या गावासमोर, म्हणून डॉक्टर आले. माझा दम रोज तुटत होता आणि तो मोजायला कोणी उभं नव्हतं, मीसुद्धा नाही. याचा मला राग आला, आणि कुणावर काढावा हे कळेना. म्हणून मी डॉक्टरांना चहा थंड होतोय म्हणून बोलले.

मीही ओव्याची फुलं घेतली. दादांनीही घेतली. आत्याबाईंनी साफ नाही म्हटलं. “माजं वय झालं,” त्या म्हणाल्या. “मला कसले जंत न् कसलं काय.” त्यांना पन्नास लागायचं होतं.

पाऊस सरला. एक दिवस मी विहिरीवरून दोन्ही कळश्या घेऊन निघाले. हे माझ्या मागून येत होते, आणि मी त्यांना बोलत होते, कारण ते वहाणा पुन्हा विहिरीवरच विसरले होते. मी विहिरीपासून बोलायला लागले ते केळींजवळून बोलत आले, अंगणातून बोलत आले, पडवीच्या पायऱ्या बोलतच चढले आणि कळश्या खाली ठेवून पुढचं वाक्य सुरू केलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कुठेच थांबले नव्हते. छाती धडधडत नव्हती. कानात काही वाजत नव्हतं. मी मध्येच गप्प झाले.

“बोल की,” हे म्हणाले. “दम हाय तोवर बोलून घे.” पण त्यांचा आवाज थट्टेचा नव्हता, भरून आला होता.

पायरीवर आत्याबाई बसल्या होत्या. देवळातून आल्या होत्या आणि एक हात छातीवर ठेवून, डोळे मिटून, घरात शिरण्याइतकं बळ येण्याची वाट बघत होत्या. त्या रोजच तशा बसत. सासू पायरीवर बसते, यात बघण्यासारखं काय, म्हणून मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले आणि मला वरून खालपर्यंत बघितलं.

“मी इथं बसायला लागले,” त्या म्हणाल्या, “तेव्हा माधव पाळन्यात होता.”

मी त्यांच्याजवळ खाली बसले. तुपाच्या ताटानंतर आम्ही दोघी इतक्या जवळ बसलो नव्हतो. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला, माझ्याकडे वाकल्या आणि आपल्या बोटानं आपली पापणी खाली ओढून धरली.

“बग,” त्या म्हणाल्या. “काय हाय ते सांग.”

मी नीट बघितलं.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “चांगली बातमी हाय. पांढरी हाय.”